हौसामावशीचं ‘झालं’

हौसामावशी लाकूड चाखायची. हे मी अगदी शब्दशः सांगतोय. रंग उतरवलेला दरवाजा असो, खुर्चीचा हात असो की कुणाच्या आजोबांचं टेबल असो, साफ करून झालं की ती पाण्यात बोट बुडवायची, ते लाकडावर चांगलं दाबून घासायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. मग डोळे मिटून जरा वेळ गप्प बसायची. आमच्या गाळ्यावर पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक हे बघून हबकायचं. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "त्यांना बरं नाहीये का?" मी म्हटलं, "त्यांना बरं आहे. तुमच्या टेबलाला बरं आहे का, ते बघतायत."

आमचा गाळा अंधेरीला, मरोळच्या आतल्या बाजूला. जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करून देणं हा धंदा. धंदा माझा नव्हे, भाऊंचा. भाऊ म्हणजे माझे वडील, देवगडकडचे. गिरणी बंद पडल्यावर एका पॉलिशवाल्याच्या हाताखाली शिकले आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला. मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला दोनदा गटांगळी खाल्ली, तेव्हा त्यांनी मला तिथे आणून उभं केलं. "बस हय," एवढंच म्हणाले. अजून बसलोय.

आमच्या कामाचे तीन टप्पे. आधी जुना रंग उतरवायचा, मग लाकूड साफ करायचं, मग पॉलिश. पहिल्या टप्प्याला मजा असते. कॉस्टिक सोडा लावला की वर्षानुवर्षांचा ऑइलपेंट फुगतो, सालं निघावीत तसा निघतो, बघायला चार माणसं जमतात. शेवटच्या टप्प्याला मान असतो. लाकूड चमकतं, गिऱ्हाईक वाहवा करतं, फोटो काढतं. मधलं काम कुणालाच नको असतं. तेव्हा लाकूड अगदी केविलवाणं दिसतं. खाचांमध्ये जुना रंग अडकलेला, खिळ्यांभोवती काळे डाग, कॉस्टिक सुकून पांढरी भुकटी वर आलेली. ते सगळं काढायला चार-चार दिवस लागतात आणि काढल्यावर दिसत काहीच नाही. हे मधलं काम पंचवीसेक वर्षं हौसामावशीनं केलं.

ती मूळची साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. नवरा लवकर गेला. मिलिंद हा एकुलता एक मुलगा, त्याला घेऊन ती भांडुपला टेकडीवरच्या वस्तीत राहायची. आमच्याकडे आली ती झाडू मारायला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी झाडता झाडता एका खुर्चीपाशी थांबली. भाऊंनी ती खुर्ची धुऊन सुकत ठेवली होती.

"ह्ये अजून धुवायचं ऱ्हायलंय न्हवं?" तिनं विचारलं.

"धुवन झाला," भाऊ म्हणाले.

हिनं बोट ओलं केलं, खुर्चीवर घासलं, जिभेला लावलं. "सोडा हाय अजून," म्हणाली आणि पुढे झाडायला लागली. गावाकडे असताना ती सोड्याच्या पाण्यात कपडे उकळायची, धुवायची. कपड्यातला सोडा गेला की नाही हे बघायची तिची रीत ही अशीच होती.

भाऊंना राग आला. कोकणातला माणूस, त्यात गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, झाडूवाली बाई आपल्याला शिकवते म्हटल्यावर तो काय ऐकतोय. त्यांनी मुद्दाम त्याच दिवशी त्या खुर्चीला पॉलिश मारलं. आठवडा झाला तरी खुर्ची सुकेना. बसणाऱ्याच्या लेंग्याचा रंग खुर्चीला लागायचा आणि खुर्चीचा लेंग्याला. भाऊ दोन दिवस खुर्चीकडे पाठ करून काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा तिच्या हातातला झाडू त्यांनी स्वतः काढून घेतला. "बाये, ह्यो ठेव थंय कोपऱ्यात. उद्यापासना तू लाकूड बघ." माणूस चिडका होता माझा बाप, पण चुकलं की चुकलं म्हणायचा, शब्दानं नाही तरी कृतीनं.

तेव्हापासून गाळ्याचा नियम ठरला. मावशी ‘झालं’ म्हणेपर्यंत पॉलिशच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहो नाहीतर फोनवर शिव्या देवो. ती हा शब्द मोठ्यानं म्हणायची नाही. बोट जिभेला लागायचं, डोळे मिटायचे, आणि मग पुटपुटल्यासारखं "झालं." तोवर तिची ठरलेली उत्तरं असायची. "थांब." "बघू." आणि लाकडाच्या रेषांमधून तेल नाहीतर सोडा पुन्हा पुन्हा वर येत असला, तर "अजून रडतंय त्ये." भाऊ वैतागून म्हणायचे, "अगो, किती रडतला?" ती म्हणायची, "रडू द्या की. आत ठेवून वरनं रंग दिला तर उद्या तुमालाच रडवंल."

पॉलिशबद्दल तिला फारसा आदर नव्हता. "पॉलिश काय, पावडर हाय तोंडाची," म्हणायची. "आधी तोंड धुवावं मानसानं." मी पॉलिशवाला, माझ्या तोंडावर हे ऐकून घ्यायचो.

तिची हत्यारं बघितली तर हसू येईल. बांबूच्या चिरलेल्या काड्या, झिजलेले टूथब्रश, नारळाचा काथ्या, सुतळी, जुन्या धोतराचे धडपे. लोखंडाचं काही चालायचं नाही. का, ते मला माझ्या खर्चानं कळलं. गाळ्यावर येऊन मला सहा महिने झाले होते आणि आपण फार हुशार आहोत असं वाटायला तेवढे पुरतात. सागवानी टेबल होतं, मावशी दोन दिवस गावाला गेली होती, गिऱ्हाईक घाई करत होतं. मी घरून आईची भांडी घासायची तारेची घासणी आणली आणि ओलं टेबल तासाभरात घासून लख्ख केलं. स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर टेबलभर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. तारेचे कण लाकडात रुतले होते आणि ओल्या सागाला लोखंड लागलं की तो काळा पडतो.

मावशी परत आली, टेबल बघितलं. तीन दिवस बसून एकेक ठिपका ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं उतरवला, तीन पाण्यांनी धुतलं, मग चाखलं, मग ‘झालं’ म्हणाली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिनं ती घासणी सुतळीला बांधली आणि गाळ्याच्या दाराशी खिळ्याला टांगली. "ही काय भानगड?" भाऊंनी विचारलं. "ही दिनूची डिग्री," ती म्हणाली. भाऊंना इतकं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. घासणी अजून तिथेच आहे, गंजून निम्मी झाली.

तिच्या बोटांची मला काळजी वाटायची. धंदा माझ्या हातात आल्यावर मी तिला चांगले जाड रबरी हातमोजे आणून दिले. तिनं घेतले, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर उजव्या मोज्याचं पहिलं बोट कात्रीनं उडवलेलं. "मावशी, अगं कशाला कापलंस?" "मोज्यानं चव कळती व्हय?" पुढे दर वेळी नवीन जोड आणला की मीच आधी ते बोट कापून द्यायला लागलो. करणार काय.

तिचा दुसरा हट्ट म्हणजे चहा. तीन चमचे साखर, कमी पडली तर पेला परत जायचा. मला शुगर निघाल्यापासून माझा चहा बिनसाखरेचा यायचा, वेगळा ओळखू यावा म्हणून चहावाला पेल्याला रबरबँड लावायचा. मावशी त्या पेल्याकडे बघून रोज न चुकता म्हणायची, "पी बाबा तुझा काढा. काय पाप केलंयस कुनास ठाऊक."

मग तो कोविड आला. भाऊ त्याच्या आधीच गेले होते, एका अर्थी सुटले. गाळा कित्येक महिने बंद. उघडला तेव्हा मावशी पहिल्या दिवशी हजर होती, पण अर्धी झाली होती. "ताप आला व्हता, गेला," एवढंच म्हणाली. मी जास्त विचारलं नाही. त्या दिवसांत कोण कुणाला काय विचारणार.

नंतर दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या आणि मला एकीचाही अर्थ कळला नाही. एक म्हणजे तिचा डबा. पूर्वी ती मिरचीचा ठेचा आणायची, मला जबरदस्तीनं द्यायची आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून खूश व्हायची. आता गपचूप जेवायची, डबा धुवायची, ठेवून द्यायची. आणि दुसरी, एकदा चहाच्या पेल्यांची अदलाबदल झाली. मी घोट घेतला तर नुसता पाक. वर बघतो तर मावशीनं रबरबँडचा पेला रिकामा करून खाली ठेवला होता.

"मावशी, चहा कसा होता गं?"

"झकास," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, चला, म्हातारपणात का होईना, जिभेचे नखरे कमी झाले. असा मी हुशार.

त्याच सुमारास मुलुंडच्या वैद्य आजी पाळणा घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण टेम्पोवाल्याला दम देत स्वतः टेम्पोत बसून आलेल्या. सागवानी पाळणा, चारी बाजूंना कातीव दांड्यांचा कठडा. त्यांची मुलं त्यात वाढली, नातवंडं वाढली, आणि दर बाळाला नवा रंग चढला होता. हिरव्यावर पांढरा, पांढऱ्यावर गुलाबी. आदल्या दिवशी त्यांची नात बाळंत झाली होती. बाराव्या दिवशी बारसं.

"सगळा रंग काढा," आजी म्हणाल्या. "जुन्या रंगात काय काय विष असतं म्हणतात. आमच्या घरातलं प्रत्येक पोर दात यायला लागले की हा कठडा चावतं. हेही चावणार. मला त्याच्या पोटात काही जायला नकोय."

मी तोंड उघडायच्या आत मागून मावशी म्हणाली, "आजी, चावू द्या खुशाल. म्या हाय."

आजींनी तिच्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि गेल्या. मला विचारलंसुद्धा नाही की मालक कोण.

बावीस दांडे होते. प्रत्येकाला कातलेल्या पाच-पाच कड्या आणि प्रत्येक कडीच्या खाचेत तीन रंग. मावशी सुतळीचा फेरा खाचेत घालायची आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढायची. मग बांबूची काडी, मग ब्रश. कॉस्टिक मारायला व्हिनेगरचं पाणी, मग साधं पाणी, मग पुन्हा साधं. चार दिवस ती पाळण्याच्या आत-बाहेर वाकून काम करत होती. पाचव्या दिवशी सकाळी बोट लावलं, डोळे मिटले, "झालं," म्हणाली. मी झाकण उघडलं. बाळाचं काम म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली साधी लाख घेतली, दुसरं काही नाही. तीन दिवस हात मारले. पाळणा असा काही दिसायला लागला की मी स्वतः फोटो काढला.

आठव्या दिवशी कठड्याच्या वरच्या पट्टीवर अंगठा टेकवला आणि उचलला, तर अंगठा चिकटला. पट्टीवर ठसा उमटला, अगदी स्पष्ट. खाली वाकून बघितलं तर दांड्यांच्या कड्यांपाशी लाख तांबूसकाळी पडलेली आणि मऊ. कॉस्टिक आत राहिलं होतं. जे बाळाच्या तोंडात जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, तेच.

मी भडकलो. मला राग आला की मी माझ्या बापासारखा होतो, फक्त त्यांचा मोठेपणा माझ्यात नाही.

"मावशी, चाखलं होतंस ना?"

"व्हय."

"मग हे काय आहे? हात लावून बघ."

तिनं हात लावला आणि चिकट बोट पदराला पुसत राहिली.

"अगं, बोल ना. चाखलंस म्हणतेस, मग लागलं नाही तुला? की नुसतंच बोट फिरवलंस? वय झालं असेल तर तसं सांग, मी दुसरं कुणी बघतो."

हे मी बोललो. आज लिहावंसं वाटत नाही, पण बोललो होतो.

ती तिच्या पाटावर बसली. मोजे काढले, मांडीवर एकावर एक ठेवले. मग म्हणाली, "दिनू, मला चवच न्हाई रं."

मला आधी कळलंच नाही.

"तापात गेली ती आलीच न्हाई. मीठ कळत न्हाई, गूळ कळत न्हाई. मिरची झोंबती, पण तिची चव न्हाई. आधीच्या कामांना म्या दोन-दोन पाणी जास्तीचं घातलं, निभावलं. ह्येच्या खाचा लई. न्हाई निभावलं."

"अगं, मग सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "हितं म्या ‘झालं’ म्हणणारं मानूस हाय. तेवढंच हाय माझं. त्ये गेलं तर मंग म्या झाडूवालीच की परत."

मला तो रबरबँडचा पेला आठवला. समोर बसून तिनं तो रिकामा केला होता आणि मी मनातल्या मनात विनोद करत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून उगाच नळ सोडला आणि हात धूत राहिलो.

मागून ती म्हणाली, "आजीला म्या शब्द दिला. लेकराच्या तोंडात जानार हाय ह्ये ठावं असून म्या खोटं ‘झालं’ म्हनलं. मला कामावरनं काढ, पर पाळणा असा देऊ नको."

"कामावरून कोण काढतंय तुला," मी म्हटलं. "ऊठ. तीन दिवस आहेत."

लाख स्पिरिटनं उतरते, तेवढं नशीब. दुपारपर्यंत दोघांनी मिळून सगळी उतरवली. मग पुन्हा सुतळी, पुन्हा व्हिनेगर, पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आता ये. बोट लाव."

मी मागे सरकलो. वीस वर्षं तिला चाखताना बघत होतो, स्वतः एकदाही केलं नव्हतं. किळस म्हणा, भीती म्हणा.

"नखरं नको करू. माझी गेली, आता तुझी जीभ."

लावलं बोट. "काय लागतंय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच न्हाई म्हंजी तुला कळलं न्हाई."

तिनं आतून सागाचा एक कोरा तुकडा आणला, कधीच कॉस्टिक न लागलेला. धुतला. "ह्यो चाख." जरासा कडवट, तुरट. मग दुसऱ्या तुकड्याला पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा कालवून चोळला, वरवर धुतला. "आता ह्यो." गुळगुळीत, साबण तोंडात गेल्यासारखा. मी थुंकलो. ती हसली, त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. "साफ लाकूड बिनचवीचं नसतंय, दिनू. साफ लाकूड लाकडासारखं लागतं. त्ये लागंस्तवर थांबायचं."

मग आम्ही एकेक दांडा घेतला. मी चाखायचो, ती माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या शब्दांवर तिचा भरवसा नव्हता, तोंड वाकडं झालं की ती आपोआप सुतळी उचलायची. चौदाव्या दांड्याच्या तिसऱ्या कडीला साबण लागला. सतराव्याला दोन ठिकाणी. ते तिनं पुन्हा केले, मी पुन्हा चाखले. संध्याकाळी बाविसावा संपला तेव्हा माझी जीभ पार बधिर झाली होती.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय, तू सांग."

"म्या न्हाई म्हणायची आता. तू म्हण."

"झालं," मी म्हटलं. मला वाटतं, तो शब्द मी त्याआधी आयुष्यात हजारदा उच्चारला असेन. त्या दिवशी म्हटला, तरी डब्याच्या झाकणाला लगेच हात घातला नाही.

एक हात सुकला की पुढचा, असे लाखेचे हात पुन्हा मारले. बारशाच्या सकाळी पाळणा मुलुंडला पोचला, कोरडा ठणठणीत. मावशी बरोबर आली होती, मी नको म्हणत असतानाही. दारातच तिनं वैद्य आजींना सांगून टाकलं, "आजी, पहिल्यांदा माझं चुकलं व्हतं. परत केलाय समदा." मी जमिनीकडे बघत उभा. आजींनी कठड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आता चावलं तर चालेल ना?"

"ह्येला इचारा," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "जीभ ह्येची हाय." आजींना काही कळलं नाही, पण त्यांनी आम्हा दोघांच्या हातावर पेढा ठेवला. मावशीनं तो मला दिला. माझी शुगर तिला माहीत होती, तरी दिला.

त्यानंतर दोनेक वर्षं आम्ही तसंच काम केलं. हात तिचे, जीभ माझी. डॉक्टरांनी चव येईल म्हणून सांगितलं होतं, ती काही आली नाही. तिला मात्र रोज सगळं ऐकायचं असायचं. "शिसम कसा लागतो रं?" "सागापेक्षा कडू." "मेथीगत का कारल्यागत?" अशी चौकशी. पुढे ती ठेचाही परत आणायला लागली. जेवायच्या आधी डबा माझ्यापुढे सरकवायची, "मीठ बगून दे." मी सांगायचो बरोबर झालंय, मग ती जेवायला बसायची. ‘झालं’ हा शब्द मात्र तिनं पुन्हा कधी काढला नाही. काम संपलं की माझ्याकडे बघायची आणि मी म्हणेपर्यंत पाटावर बसून राहायची.

मग गुडघे गेले. टेकडीच्या पायऱ्या उतरून बस पकडणं जमेना. एक दिवस मिलिंदचा फोन आला की आई आता येणार नाही. मी अधूनमधून भांडुपला जायचो. ती पलंगावर, मी खुर्चीत, दोन चहा. "कोन म्हनतं आता झालं?" "मीच." "चाखून?" "चाखून." एकदा खोटं बोलवेना म्हणून सांगितलं, घाई होती, एका कपाटाला तसंच पॉलिश मारलं आणि काही झालं नाही, सुकलं नीट. तिनं हातातला चहा खाली ठेवला, असा की मी कपाट परत आणायला निघालो असतो. "कुनाला कळलं न्हाई म्हून साफ झालं व्हय त्ये," शेवटी एवढंच बोलली.

मागच्या वर्षी वैद्य आजींचा पाळणा परत आला. नातीला दुसरं बाळ होणार होतं, लाख जागोजागी घासली गेली होती, नवा हात मारायचा होता. टेम्पोतून उतरवताना कठड्याच्या वरच्या पट्टीवर माझा अंगठा गेला आणि थांबला. बारीक बारीक खळगे, ओळीनं. मी उजेडात बघितलं. दातांचे वण होते.

मी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, ती पट्टी सुटी केली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि रिक्षानं भांडुपला गेलो. मावशी खूप खंगली होती. मिलिंद तिला चमच्यानं पेज भरवत होता. मी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचं बोट धरून त्या खळग्यांवर टेकवलं.

तिला लगेच कळलं. बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, परत आलं.

"चावलं की रं लेकरानं," ती म्हणाली.

"चांगलं चावलंय. म्हटलं तर घासून काढतो, पट्टी सरळ होईल."

"हात लावू नको." आवाज बारीक होता, पण जुनाच. "जल्मभर डाग काढलं म्या. ह्यो डाग न्हाई."

मग थोड्या वेळानं, "पोरगं बरं हाय न्हवं?"

"एकदम. बालवाडीत जातंय. आजी म्हणाल्या, घरात कुणाचं ऐकत नाही."

तिनं मिलिंदकडे हात केला. त्याला वाटलं, प्यायला पाणी हवंय, त्यानं पेला पुढे धरला. तिनं त्यात बोट बुडवलं, दातांच्या वणांवर दाबून घासलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मिलिंद काही बोलणार होता, मी त्याला थांबवलं.

"झालं," ती म्हणाली.

"चव आली, मावशी?"

"न्हाई," ती म्हणाली. "पर झालं."

पंधरा दिवसांनी ती गेली. मला फोन आला तेव्हा मी गाळ्यावर होतो, आणि पट्टी समोरच होती. मी ती मुद्दाम बाकी ठेवली होती, का ते मलाही सांगता येणार नाही. दारातल्या घासणीकडे बघत बराच वेळ बसलो आणि रडलो. मग शटर ओढून भांडुपला गेलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी धुतली. खळगे तसेच ठेवले, त्यांच्या कडा तेवढ्या धोतराच्या धडप्यानं पुसल्या. पॉलिशच्या डब्याचं झाकण उघडायच्या आधी बोट ओलं केलं, घासलं आणि जिभेला लावलं. लाकूड लाकडासारखं लागलं.